बाळनावांच्या अ‍ॅपमधला 'पक्षी' विभाग : एका आत्याचा अभिप्राय

पाचपैकी तीन तारे देतेय. नावांचा साठा मोठा आहे, अ‍ॅप वापरायला सोपं आहे, आणि घरातल्या सगळ्यांना एकाच यादीवर बोलतं करायची सोय तर फारच उत्तम. दोन तारे कापले ते पक्ष्यांपायी. ज्या विभागासाठी वेगळे पैसे घेता, त्यातल्या पाखरांची नीट ओळख तरी करून द्यायला हवी होती.

कोण लिहितंय ते आधी सांगते. माझ्या भावाला मुलगी झाली. वहिनीचं माहेर निफाड तालुक्यातलं, नांदूर मधमेश्वरच्या पाण्यापासून जवळ. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाने महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, ते हेच. थंडीत बदकं उतरायला लागली की तिच्या माहेरी गावभर त्याचीच बोलणी चालतात, त्यामुळे मुलगा होवो की मुलगी, नाव पाखराचंच ठेवायचं हे तिनं आधीच सांगून टाकलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा शोधाशोध माझ्याकडे आली. मी पुण्यात बँकेत आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून कवडीपाट नाहीतर पाषाणचा तलाव, आणि थंडीत भिगवण, हे माझं बरीच वर्षं चालू आहे. म्हणून मुखपृष्ठावर 'पक्ष्यांवरून बाळांची नावं' असा वेगळा कप्पा दिसला तेव्हा लगेच वर्षाचे 349 रुपये भरले.

आत गेल्यावर मुलगा, मुलगी आणि 'दोघांसाठी' असे भाग. प्रत्येक नावासमोर एका ओळीचा अर्थ, एक चित्र आणि उच्चार ऐकायचं बटण. आता अर्थ कसे दिलेत ते बघा. चकोर : एक सुंदर पक्षी. सारस : एक सुंदर पक्षी. हंसिका : सुंदर हंस. खंजन : एक पक्षी. म्हणजे खंजनाच्या वाट्याला सौंदर्यसुद्धा आलं नाही! खंजन म्हणजे आपला धोबी. थंडीत पाण्याच्या काठाने शेपटी वरखाली हलवत तुरूतुरू चालतो तो. संस्कृत कवींनी सुंदर डोळ्यांना ज्याची उपमा दिली, तो पक्षी नदीकाठच्या कुठल्याही गावात दिसतो. हे दोन ओळींत लिहिलं असतं तर एखाद्या बापाने मुलाला काठावर नेऊन 'हा बघ तुझा पक्षी' असं दाखवलं असतं. पाखराचं नाव ठेवण्यातली गंमत तीच आहे. ज्याच्यावरून नाव पडलं तो जिवंत आहे, ओरडतोय, घरटं बांधतोय, आणि मूल त्याला जाऊन भेटू शकतं.

चित्रांबद्दल माझी खरी तक्रार आहे. 'मयूरी'समोर पिसारा पूर्ण फुलवलेला मोर काढलाय. मयूरी म्हणजे लांडोर. तिला पिसारा नसतो. अंगाने तपकिरी, मानेवर हिरवट झाक, डोक्यावर इवलासा तुरा, आणि मागे पिलांची रांग. मोराची चिंचोली पाहिलेल्या कुठल्याही पोराला हा फरक कळतो. 'हंसा'च्या चित्रात युरोपातल्या तळ्यांमधला पांढराशुभ्र, नारिंगी चोचीचा हंस आहे. आपल्याकडे उजनीच्या पाण्यावर थंडीत येतो तो राजहंस वेगळा. अंग राखाडी, डोकं पांढरं आणि त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. तो हिमालय ओलांडून येतो. इतक्या उंचीवरून उडत जाणारे पक्षी जगात मोजकेच. हंस म्हटलं की आपल्याला दूध आणि पाणी वेगळं करणारा आठवतो आणि तो मला प्रियच आहे, पण भिगवणच्या काठावर उभं राहून त्या पट्टेरी राजहंसांचा थवा आवाज करत येताना ऐकला की 'हंसिका' या नावाला वजन येतं. अ‍ॅपवाल्यांनी तोच फोटो लावला असता तर काय बिघडलं असतं?

सगळ्यात वाईट चित्र 'सारिका'चं. सोनेरी पिंजऱ्यात बसलेली, डोळे मिटलेली मैना. जन्मलेल्या मुलीच्या नावासमोर पिंजरा! शिवाय आपल्या रानातले पोपट-मैना पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. हे चित्र कृपा करून आजच्या आज काढा. मी तुमच्या मदत-केंद्राला लिहिलं होतं. उत्तर नम्र आलं, चित्र अजून तिथेच आहे.

आता आवाजांवरून आलेल्या नावांकडे येते. हा भाग मला सर्वात जास्त आवडला आणि त्यातच सर्वात जास्त राहून गेलंय. कुहू, केका, पिहू. तिन्ही नावं छोटी, गोड, आजच्या आयांना आवडणारी. 'पिहू'समोर लिहिलंय : गोड आवाज. कुणाचा? हिंदी मुलखात पपीहा 'पी कहाँ' म्हणतो, त्याच्या हाकेवरून पिहू. तो पपीहा म्हणजे आपला पावशा. मेच्या शेवटी, मृग तोंडावर आला की दिवसरात्र 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून शेतकऱ्याच्या मागे लागतो तोच. एकच पक्षी, एकच चढत जाणारी हाक. तिकडे विरहिणीला त्यात 'प्रियकर कुठे' ऐकू येतं, इकडे कुणब्याला पेरणीचा निरोप. ज्यांच्या घरी पिहू आहे त्यांनी तिला येत्या उन्हाळ्याच्या शेवटी गावाकडे न्यावं आणि पहाटे अंगणात बसवून ऐकवावं. हे मी वहिनीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे पावशा ओरडला की बाबा आधी बियाण्याची पोती काढायचे. त्याला पिहू पण म्हणतात होय!"

'कुहू'चंही तसंच. कोकिळेची साद एवढाच अर्थ दिलाय. गाणारा असतो तो नर, काळाभोर आणि लालबुंद डोळ्यांचा. मादी ठिपक्याठिपक्यांची, तपकिरी, आणि तिचा आवाज किक्-किक्-किक् असा तुटक. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. शिवाय संस्कृतात कुहू म्हणजे अमावास्येची रात्रसुद्धा. माझ्या आईसारख्या बायकांना हे आधी कळलेलं बरं, नाहीतर बारशाच्या दिवशी कुणी तरी भटजीबुवा सांगायचे आणि आजीचा चेहरा उतरायचा. मला स्वतःला अमावास्येचं वावडं नाही. आकाशातल्या चांदण्या त्याच रात्री सगळ्यात जास्त दिसतात. पण दोन्ही अर्थ समोर ठेवणं हे अ‍ॅपचं काम आहे.

'केका' म्हणजे मोराचा टाहो. मोरोपंतांनी आपल्या आर्त प्रार्थनेला केकावली नाव दिलं ते यावरूनच. वहिनीला हे नाव पहिल्या फटक्यात आवडलं होतं. शेवटपर्यंत यादीत राहिलं.

माझा मुख्य मुद्दा मात्र पुढेच आहे. या विभागात जी नावं नाहीत, ती बघून मला वाईट वाटलं. यादी कुठल्या तरी हिंदी-इंग्रजी यादीवरून उचललेली दिसते, कारण मराठी माणसाच्या तोंडी असलेले पक्षी त्यात आलेच नाहीत.

धनेश घ्या. अ‍ॅपमध्ये हे नाव आहे, पण 'देवांची नावं' या कप्प्यात, अर्थ, कुबेर. मराठीत धनेश हा पक्षी आहे. मोठी वाकडी चोच, जड पंख. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते, एक फट तेवढी उघडी. मग अंडी उबवून पिलं सावरेपर्यंत नर त्या फटीतून तिला वड-उंबराची फळं भरवत राहतो. पुण्यात मोठी जुनी झाडं जिथे उरलीत तिथे राखी धनेश आजही दिसतो. बाप कसा असावा याचं इतकं चांगलं उदाहरण आणि मुलाचं नाव म्हणून इतकं रुळलेलं. तरी पक्षी विभागात नाही.

रोहितचंही तेच. अर्थ दिलाय 'तांबडा, उगवता सूर्य'. बरोबर आहे. पण मराठीत रोहित म्हणजे फ्लेमिंगो. माझ्या शाळेत प्रत्येक वर्गात एक तरी रोहित असायचा आणि त्यातल्या एकालाही शिवडीच्या चिखलात हजारांनी उतरणारे ते गुलाबी पक्षी आपल्या नावाचे आहेत हे माहीत नव्हतं. 2015 मध्ये ठाणे खाडीचं रोहित पक्षी अभयारण्य झालं. मुंबईत राहणाऱ्या रोहितला घेऊन लोकलने जाता येईल इतकं ते जवळ आहे.

शकुंतला 'पौराणिक' कप्प्यात आहे. पण रानात टाकलेल्या त्या तान्ह्या पोरीला शकुंतांनी, म्हणजे पक्ष्यांनी, भोवती कोंडाळं करून राखलं म्हणून तर कण्वांनी तिचं नाव शकुंतला ठेवलं. पाखरांवरून बाळाचं नाव पडण्याची याहून स्पष्ट गोष्ट आपल्याकडे मला तरी माहीत नाही. आणि ती पक्षी विभागात नसावी?

दयाळ, शामा, कस्तुर ही रानातली गाणारी मंडळी. दयाळ तर शहरातही उन्हाळ्यात पहाटे टीव्हीच्या अँटेनावर बसून गातो. शामा ऐकायची तर कर्नाळ्यासारख्या दाट रानात जायला लागतं. तिन्ही नावं माणसांना शोभतात. बलाका हे आणखी एक. आभाळात मेघ भरून आले की रांगेने उडणारे पांढरे पक्षी कालिदासाने पाहिले ते हेच, आणि चित्रबलाक या नावात ते मराठीत अजून जिवंत आहे. एकही नाव यादीत नाही. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात आयुष्य काढून जंगलातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं वेचून ठेवली. एवढा ठेवा मराठीत असताना मराठी पालकांना 'एक सुंदर पक्षी'वर भागवायला सांगणं बरं नाही.

उलट एव्हा, पलोमा, जोना अशी परदेशी नावं भरपूर आहेत. त्यांचे अर्थ नीट दिलेत. स्पॅनिशमध्ये पलोमा म्हणजे कबूतर, वगैरे. तिकडे राहणाऱ्यांना उपयोग होत असेल. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिनं मात्र 'परदेशात उच्चारायला सोपी' ही चाळणी लावून मैना हे नाव काढलं आणि म्हणाली, "बघ, शाळेतल्या बाईंनाही म्हणता येईल आणि आजीलाही." ही चाळणी चांगली चालते, हे नमूद करते.

नक्षत्र-चरणाची चाळणीही आहे. जन्मवेळ टाकली की अवकहडा चक्रावरून अक्षर निघतं. आमच्या बाळाचं शततारका, दुसरं चरण, म्हणजे 'सा'. आमच्या गुरुजींनी सांगितलं तेच अक्षर अ‍ॅपने दिलं. फक्त गुरुजी 'स'ला 'श'सुद्धा चालवून घेतात, अ‍ॅप घेत नाही, त्यामुळे शा-शी ची नावं आपोआप गळतात. ज्यांच्या बाळाचं नक्षत्र श्रवण असेल त्यांना खी, खू, खे, खो यातून पाखरू मिळणं कठीणच. अ‍ॅप तिथे कोरी पाटी दाखवतं. त्यांनी घाबरू नये. नावरसाचं नाव पत्रिकेत वेगळं ठेवावं आणि हाक मारायचं नाव मनासारखं निवडावं. आपल्याकडे घरोघरी असंच चालत आलंय, आणि अ‍ॅपने एका ओळीत तसं सुचवलं तर कितीतरी जणांचा जीव भांड्यात पडेल.

उच्चाराचं बटण निरुपयोगी आहे. कोकिळाचं कोकिला, हरोळीचं हरोली. ळ कुठेच नाही. मराठी बोलणाऱ्या कुणाकडून तरी हे पुन्हा ध्वनिमुद्रित करून घ्या.

आता ज्या सोयीसाठी मी तीन तारे देतेय ती. आवडलेल्या नावांची यादी करून घरच्यांना पाठवता येते, आणि ज्याने त्याने आपापल्या मोबाइलवर पसंतीचा बदाम टाकायचा. कुणी कशाला टाकला ते सगळ्यांना दिसतं, आणि खाली चार शब्द लिहिता येतात. आमच्याकडे याने खरोखर घर एकत्र बसवलं. आई नगरला, मी पुण्यात, भाऊ-वहिनी नाशिकला, वहिनीचे आईवडील गावी. एरवी हे सगळं फोनाफोनीत गेलं असतं आणि कुणाला तरी वाटलं असतं की आपल्याला विचारलंच नाही. वहिनीच्या वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवर मराठीत काही लिहिलं असेल तर ते 'केका' या नावाखाली : 'मोर ओरडला की पाऊस येतो. नाव शुभ आहे.'

आईने मात्र केकाला बदाम टाकला नाही. फोन करून म्हणाली, "अगं, नाव कसं गॅलरीतून खाली तोंडभर हाकारता यायला हवं. केका म्हणून हाक मारली तर संपलीच की लगेच." मग तिनंच स्वयंपाकघरात उभं राहून एकेक नाव हाकारून पाहिलं. सारंगी, हंसिका, मयूरी. फोन कानाला लावून मी ऐकत होते. सारिका म्हटलं तेव्हा शेवटचा 'का' तिनं असा लांबवला की तिच्या मागून बाबांचा आवाज आला, "कोण सारिका? कोण आलंय?"

भावाला सारिका जुनं वाटत होतं. त्याच्या मते ते आमच्या आत्या-मावशांच्या वयाच्या बायकांचं नाव. त्याला मी साळुंकीची जोडी बघायला सांगितलं. सारिका म्हणजे तीच, आपली साळुंकी. त्यांच्या इमारतीच्या पाण्याच्या पाइपमागे एक जोडी घर करून आहे. काड्या आणायला दोघं, अंडी उबवायला दोघं, पिलांना भरवायलाही दोघं. पिवळी चोच, पिवळे पाय, डोळ्याभोवती पिवळी कातडी, आणि उडाली की पंखात पांढरा चट्टा लखकन चमकतो. खिडकीच्या कठड्यावर चालते तेव्हा उड्या मारत नाही, पाय टाकत ऐटीत चालते. कावळा आला तरी मागे हटत नाही. नकला करते, भांडते, दिवसभर काही ना काही बोलत असते. भाऊ दोन दिवस ऑफिसला जायच्या आधी चहा घेऊन खिडकीत उभा राहिला. मग त्याचा निरोप आला, "ताई, सारिकाच ठेवू या. ही बया फारच भारी आहे."

वहिनीची एकच अट होती. मुलगी कळती झाली की नाव का ठेवलं ते तिला पुस्तकातून न सांगता खिडकीतून दाखवायचं. आम्हा सगळ्यांना ती मान्य होती. बाराव्या दिवशी पाळण्याभोवती 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, मी बाळाच्या कानात कुर्र केलं, सगळ्यांनी पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या.

बारशाची पत्रिका याच अ‍ॅपवर केली. त्यासाठी आणखी 99 रुपये घेतात. पाच-सहा साचे आहेत, त्यातला पानाफुलांचा बरा आहे. जोडाक्षरं नीट येतात, तारीख मराठी आकड्यांत घेता येते. चित्र मात्र त्यांचं पिंजऱ्याचंच येत होतं. ते काढून भावाने खिडकीतून मोबाइलवर काढलेला साळुंकीचा फोटो टाकला. स्वतःचा फोटो टाकायची सोय आहे, ती 'बदला' या बटणाखाली दडलेली आहे. ती वर आणा.

हे अ‍ॅप करणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. पक्ष्यांचा विभाग करायचं सुचलं हीच मोठी गोष्ट आहे, आणि पालकांना असं नाव हवंय हेही खरं. आता प्रत्येक नावासमोर चार गोष्टी द्या : मराठीत त्याला गावाकडे काय म्हणतात, तो कधी आणि कुठे दिसतो, त्याचा खरा आवाज, आणि खरा फोटो. नरमादी वेगळे दिसत असतील तर दोघांचे. पक्षी महाराष्ट्रात नसेल तर तसं स्पष्ट लिहा. चकोर आपल्याकडे रानात मिळत नाही, तो हिमालयाच्या उतारांवरचा. ज्ञानेश्वर महाराजांनी चांदण्यातले अमृतकण वेचणारी चकोराची पिलं सांगितली म्हणून तो आपल्याला घरचा वाटतो, आणि मुलाचं नाव ठेवायला तेवढं कारण पुरेसं आहे. पण मूल मोठं होऊन चकोर बघायचा हट्ट धरेल, तेव्हा आईबापांना गाडी कुठे न्यायची ते ठाऊक हवं. जटायूसमोर नुसतं 'शूर' लिहू नका. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेली गुरं मेल्यावर ती खाऊन गिधाडं मेली, 2006 मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झालं, आणि म्हसळ्याजवळच्या चिरगावने आपल्या गावची गिधाडं जपली, हेही लिहा. असं नाव असलेल्या मुलाला ते कळायला हवं.

पैसे भरावेत का, असं विचाराल तर : घरातली माणसं चार गावांत विखुरलेली असतील आणि सगळ्यांचं मत घ्यायचं असेल, तर जरूर भरा. नुसती पक्ष्यांची नावं हवी असतील तर फुकटातली यादी पुरते, पैसे भरून त्यात फारसं वाढत नाही. आणि वर्षाची वर्गणी आपोआप पुढे चालू राहते, ती सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करून ठेवा. बारसं झाल्यावर कुणाच्या लक्षात राहत नाही.

पिंजऱ्याचं चित्र काढलंत की मला कळवा. चौथा तारा त्या दिवशी देईन.